गल्ल्यावरचा वाटा: बाहा फ्रेशची गोष्ट आणि फ्रँचायझीचं गणित

२००२ साली वेंडीज या अमेरिकन बर्गर कंपनीने बाहा फ्रेश ही मेक्सिकन खाण्याची साखळी २७ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतली. चार वर्षांनी, २००६ मध्ये, तीच साखळी तिने ३ कोटी १० लाख डॉलरला विकली. म्हणजे घेतलेल्या किमतीच्या जेमतेम अकरा टक्के हाती आले.

या व्यवहाराबद्दल तेव्हा बरंच लिहिलं गेलं, पण बहुतेक लिखाण वेंडीजच्या बाजूचं होतं. शेअरचं काय झालं, संचालक मंडळ कुठे चुकलं, कोणी राजीनामा द्यायला हवा होता, असं. मला मात्र या गोष्टीत रस आहे तो दुसऱ्याच माणसात. बाहा फ्रेशची पाटी लावून, स्वतःचे पैसे घालून, स्वतःच्या नावावर कर्ज काढून ज्याने एक-दोन दुकानं चालवली, तो माणूस. त्याच्या पाटीची किंमत चार वर्षांत इतकी घसरली, पण त्याच्या कर्जाची रक्कम घसरली नाही. फ्रँचायझी म्हणजे नेमकं काय आणि त्यात घोडं कुठे पेंड खातं, हे समजायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आधी नावाबद्दल एक शब्द. स्पेलिंग पाहून आपण ‘बाजा’ म्हणतो, पण शब्द स्पॅनिश आहे आणि उच्चार ‘बाहा’. कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेला मेक्सिकोचा जो लांबच लांब द्वीपकल्प समुद्रात उतरतो, तो बाहा कॅलिफोर्निया. ही साखळी सुरू झाली सीमेच्या अलीकडे, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या न्यूबरी पार्कमध्ये, १९९० साली. जिम आणि लिंडा मॅग्लोस या जोडप्याने ती काढली. कल्पना साधी होती: बरीतो आणि टाको (पोळीत गुंडाळलेलं किंवा भरलेलं मांस-भाजीचं सारण), सालसा ही मेक्सिकन चटणी, सगळं ताजं, ऑर्डर आल्यावर निखाऱ्यावर भाजून द्यायचं. दुकानात मायक्रोवेव्ह नाही, फ्रीझर नाही, डबे उघडायचं यंत्र नाही, चरबी नाही, अजिनोमोटो नाही, असं ते अभिमानाने लिहून लावत.

या प्रकारच्या खाण्याच्या जागांना अमेरिकेत ‘फास्ट कॅज्युअल’ म्हणतात. बर्गरच्या खिडकीपेक्षा एक पायरी वर, वेटर येऊन पाणी भरतो त्या हॉटेलपेक्षा एक पायरी खाली. ऑर्डर काउंटरवर द्यायची, पैसे आधी भरायचे, टिप देण्याची सक्ती नाही, पण खाणं डोळ्यांदेखत ताजं बनतं आणि त्यासाठी गिऱ्हाईक दोन-तीन डॉलर जास्त द्यायला तयार असतं. १९९० च्या दशकात हा प्रकार रुजला, आणि त्यात मेक्सिकन पदार्थ सगळ्यांत पुढे होते.

ताजेपणाचा हिशोब

कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर बारीक चिरून वरून लिंबू पिळलं की पिको दे गायो हे सालसासारखं तोंडीलावणं तयार होतं. मराठी घरात कोशिंबीर म्हणून ते सहज खपून जाईल. आणि कोशिंबीर ज्याने केली आहे त्याला ठाऊक असतं की ती जेवायच्या वेळीच कालवायची. मीठ लागलं की टोमॅटो पाणी सोडतो, दोन-तीन तासांत वाटीच्या तळाशी गुलाबी पाणी साचतं आणि कोथिंबीर काळवंडते.

आता हीच कोशिंबीर रोज शेकडो माणसांसाठी करायची आहे असं समजा. सकाळी दुकान उघडायच्या कितीतरी आधी दोन-तीन माणसं चिरायला बसवावी लागतात. दुपारी गिऱ्हाईक अपेक्षेपेक्षा कमी आलं, तर संध्याकाळी जे उरतं ते फेकावं लागतं, कारण ठेवायला फ्रीझरच नाही. बाहा फ्रेशच्या दुकानात सालसाचा वेगळा काउंटर असे, गिऱ्हाइकाने हवी तेवढी घ्यावी. ती सालसा गिऱ्हाइकाला फुकट असली तरी दुकानदाराला फुकट नव्हती. ताजं खाणं विकण्याचा धंदा हा मुळात मजुरीचा आणि नासाडीचा धंदा आहे. गर्दी असेल तर तो उत्तम चालतो. गर्दी थोडीशी जरी ओसरली, तरी खर्च तेवढाच राहतो.

दुसरी गोष्ट वेळेची. बाहा फ्रेशमध्ये ऑर्डर दिली की नंबर मिळायचा आणि नंबर पुकारला जाईपर्यंत थांबायचं, कारण कोंबडी खरोखरच त्या क्षणी जाळावर पडत असे. डेन्व्हरमध्ये १९९३ साली स्टीव्ह एल्सने सुरू केलेल्या चिपोटलेची पद्धत वेगळी होती. तिथे भात, राजमा, मांस, सालसा काचेमागे मांडलेलं असतं. गिऱ्हाईक रांगेतून पुढे सरकतं, बोट दाखवतं, आणि रांग संपते तिथे बरीतो गुंडाळलेला असतो. खाणं तिथेही ताजंच, पण भाजणं आधी झालेलं. दुपारच्या सुट्टीत ज्याला अर्ध्या तासात परत टेबलावर बसायचं आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक मोठा. आणि दुकानाच्या दृष्टीने तर फारच मोठा, कारण दिवसाचा गल्ला बराचसा त्या दीड-दोन तासांतच भरतो. तेवढ्या वेळात किती माणसं काउंटरवरून पुढे गेली, यावर सगळं ठरतं.

पाटी कोणाची, दुकान कोणाचं

फ्रँचायझीचा व्यवहार असा. नाव, पदार्थांच्या कृती, मांडणी, प्रशिक्षण, जाहिराती हे मूळ कंपनीचं. गाळा भाड्याने घेणं, भट्टी-टेबलं-खुर्च्या बसवणं, माणसं ठेवणं, रोज शटर उघडणं हे फ्रँचायझी घेणाऱ्याचं. सुरुवातीला तो कंपनीला एकरकमी फी देतो. मग दर आठवड्याला किंवा महिन्याला रॉयल्टी आणि जाहिरात निधी भरतो. शिवाय माल बहुतेक वेळा कंपनीने ठरवून दिलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यावा लागतो.

यातला सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा, जो उत्साहाच्या भरात कोणाच्या लक्षात येत नाही, तो असा की रॉयल्टी गल्ल्यावर असते. नफ्यावर नसते.

शेतीतलं उदाहरण घेतलं तर लगेच उमगेल. बटईने जमीन केली आणि बी, खत, मजुरी सगळा खर्च करणाऱ्याच्या अंगावर असला, तर जमीनमालक खळ्यावर येऊन आपला वाटा उचलून नेतो. पोती किती झाली एवढंच तो पाहतो. ती पिकवायला खर्च किती आला, हा त्याचा प्रश्न नसतो. फ्रँचायझीची रॉयल्टी म्हणजे खळ्यावरून उचललेला वाटा आहे.

आकडे घालून पाहू. हे आकडे कोणत्याही एका कंपनीचे नाहीत, समजण्यासाठी मी धरले आहेत. दुकानाचा वर्षाचा गल्ला ९ लाख डॉलर. त्यातले २ लाख ७९ हजार मालावर आणि पॅकिंगवर, तेवढेच पगारांवर. भाडं ९० हजार. वीज, गॅस, विमा, दुरुस्ती, कार्डाचं कमिशन वगैरे मिळून ९९ हजार. रॉयल्टी पाच टक्के, म्हणजे ४५ हजार. जाहिरात निधी चार टक्के, म्हणजे ३६ हजार. सगळं वजा जाता ७२ हजार उरतात. दुकान उभं करायला ४ लाखांचं कर्ज दहा वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतलं असेल, तर त्याचे हप्ते वर्षाला सुमारे ६१ हजार होतात. मालकाच्या हातात पडले ११ हजार. तेही तो स्वतः आठवड्याचे साठ तास दुकानात उभा राहिला तर, कारण मॅनेजरचा वेगळा पगार मी यात धरलेलाच नाही.

आता गल्ला दहा टक्क्यांनी घसरला. जवळ नवं दुकान आलं, रस्त्याचं काम निघालं, शेजारचं ऑफिस दुसरीकडे गेलं, कारण काहीही असो. ८ लाख १० हजार झाले. मालाचा खर्च त्या प्रमाणात कमी होईल, २ लाख ५१ हजार. पगार तेवढे कमी होणार नाहीत, कारण चिरायला, भाजायला आणि काउंटरला माणूस लागतोच. फार तर २ लाख ६५ हजारांवर येतील. भाडं तेच ९० हजार. बाकी खर्च ९७ हजार. रॉयल्टी आणि जाहिरात मिळून ७३ हजार. उरले ३४ हजार, हप्ते ६१ हजार. म्हणजे वर्षाला २७ हजारांची पदरमोड.

दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहा. गल्ला दहा टक्क्यांनी घटला तेव्हा कंपनीची रॉयल्टी ४५ हजारांवरून ४० हजार ५०० वर आली. तिच्या दृष्टीने हे एक साधारण वाईट वर्ष. दुकानदाराच्या दृष्टीने हाच फरक धंदा चालण्यात आणि घर गहाण पडण्यात आहे. एकाच पाटीखाली उभे असलेले दोघं, पण एकच आकडा त्यांना वेगवेगळा दिसतो.

यातूनच फ्रँचायझीमधली बहुतेक भांडणं निघतात. कंपनी म्हणते, एकावर एक फुकटची योजना लावा. गल्ला वाढतो, रॉयल्टी वाढते, पण दुसऱ्या फुकट बरीतोचं मांस दुकानदाराच्या पैशांचं असतं. कंपनी म्हणते, तीन मैलांवर आणखी एक दुकान देतोय. नव्या दुकानाचा गल्ला ७ लाख झाला आणि जुन्याचा ८ लाख १० हजारांवर घसरला, तर कंपनीची रॉयल्टी ४५ हजारांवरून ७५ हजार ५०० झाली. जुना दुकानदार मात्र तोट्यात गेला. यात कोणी कोणाला फसवलं असंही म्हणता येत नाही. करारात तसं लिहिलेलंच असतं. म्हणूनच करारातलं हद्दीबद्दलचं कलम इतकं महत्त्वाचं.

कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२४ पासून, देशभरात साठ किंवा अधिक दुकानं असलेल्या फास्टफूड साखळ्यांमध्ये किमान मजुरी तासाला २० डॉलर झाली. त्याआधी राज्याची किमान मजुरी १६ डॉलर होती. तिथल्या घरभाड्यांकडे पाहिलं तर ही वाढ कामगारांना मिळायलाच हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. पण साठ दुकानांची मोजणी पाटीवरून होते, मालकावरून नाही. ज्याचं एकच दुकान आहे, तोही त्यात आला. वरच्या हिशोबात सगळे पगार त्याच प्रमाणात, म्हणजे पंचवीस टक्क्यांनी वाढले, तर जवळजवळ ७० हजारांचा बोजा पडतो आणि शिल्लक संपते. पगार वाढला म्हणून रॉयल्टीचा दर खाली येत नाही. ज्यांचा फ्रँचायझीशी फारसा संबंध नव्हता, त्यांनाही हे जड गेलं: फिश टाकोसाठी प्रसिद्ध असलेल्या सॅन डिएगोच्या रुबिओज या साखळीने २०२४ च्या मे अखेरीस कॅलिफोर्नियातली ४८ दुकानं बंद केली आणि जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

बर्गरवाल्यांनी विकत घेतलेले बरीतो

आता पुन्हा २००२ कडे येऊ. त्या सुमारास अमेरिकेतल्या तीन बर्गर कंपन्यांनी तीन मेक्सिकन साखळ्या हाताशी धरल्या होत्या. मॅकडोनल्ड्सने १९९८ मध्ये चिपोटलेत पैसे घातले आणि पुढे बहुतांश मालकी घेतली. वेंडीजने २००२ मध्ये बाहा फ्रेश घेतलं. जॅक इन द बॉक्सने २००३ मध्ये क्युडोबा घेतलं. कारण एकच: बर्गरचा बाजार भरून गेला होता, नवी वाढ मेक्सिकन खाण्यात दिसत होती.

तिघांचे शेवट मात्र वेगळे झाले. चिपोटले २००६ च्या जानेवारीत शेअर बाजारात आलं, पहिल्याच दिवशी शेअरचा भाव दुप्पट झाला, आणि वर्ष संपायच्या आत मॅकडोनल्ड्स त्यातून पूर्ण बाहेर पडलं. जॅक इन द बॉक्सने क्युडोबा २०१८ मध्ये सुमारे ३० कोटी ५० लाख डॉलरला विकलं. घेतलं होतं साधारण साडेचार कोटींना. बाहा फ्रेशचं काय झालं ते वर आलंच आहे.

वेंडीज ही काही नवखी कंपनी नव्हती. गाडीतून न उतरता खिडकीवर खाणं घेण्याची पद्धत अमेरिकेत रूढ करणाऱ्यांत ती पुढे होती. पण हाच तिचा सराव होता: ठरलेला पदार्थ, ठरलेले सेकंद, हजारो दुकानांत तंतोतंत सारखं काम. रोज सकाळी टोमॅटो चिरून सुरू होणारं, नंबर पुकारून चालणारं दुकान हे वेगळंच काम आहे. त्यात बाहा फ्रेश कॅलिफोर्नियाबाहेर वेगाने पसरवलं गेलं. जिथे लोकांना हे नावच माहीत नव्हतं तिथे दुकानं उघडली, महागड्या जागा घेतल्या, आणि समोर चिपोटलेची भराभर सरकणारी रांग होती. दुकानांचा सरासरी गल्ला उतरत गेला. माझ्या मते यातली सगळ्यांत मोठी चूक वेगाची. नाव एका प्रदेशात मुरायच्या आत ते देशभर लावलं गेलं.

कंपनी विकत घेताना तिच्या भट्ट्या-टेबलांपेक्षा जास्त जी किंमत मोजली जाते, तिला हिशोबात ‘गुडविल’ म्हणतात, म्हणजे नावलौकिकाची किंमत. वेंडीजने २००४ च्या अखेरीस बाहा फ्रेशच्या गुडविलमधले सुमारे १९ कोटी डॉलर एका फटक्यात पुसून टाकले. ताळेबंदात ही एक ओळ असते. त्या वर्षीचा नफा खाली येतो, भागधारक चिडतात, आणि कंपनी पुढे जाते. २००५ च्या शेवटी नेल्सन पेल्ट्झ या मोठ्या गुंतवणूकदाराने वेंडीजचे शेअर घेतले आणि बर्गर सोडून बाकीचं सगळं मोकळं करा म्हणून दबाव आणला. २००६ मध्ये बाहा फ्रेश डेव्हिड किम यांच्या नेतृत्वाखालच्या गुंतवणूकदारांच्या गटाकडे गेलं. पुढे २०१६ मध्ये कॅनडाच्या एमटीवाय फूड ग्रुपने बाहा फ्रेश आणि ला साल्सा या दोन्ही साखळ्या मिळून सुमारे २ कोटी ७० लाख डॉलरला घेतल्या.

फ्रँचायझीवाल्याच्या नजरेतून हा प्रवास पाहा. त्याने करार केला तो एका कंपनीशी, जिथे संस्थापकांची आठवण ताजी होती. मग मालक झाले ओहायोतले बर्गरवाले. मग गुंतवणूकदारांचा गट. मग कॅनडाची कंपनी. दर वेळी करार नव्या मालकाकडे आपोआप गेला, कारण कंपनीला आपले हक्क दुसऱ्याला विकायची मुभा करारातच असते. दुकानदाराला मात्र आपलं दुकान विकायचं असेल तर कंपनीची लेखी परवानगी लागते, बदलीची फी लागते, आणि घेणारा माणूस कंपनीला पसंत पडावा लागतो. जे नाव कोणी अकरा टक्क्यांना विकून मोकळं झालं, त्या नावाचं दुकान घ्यायला गिऱ्हाईक कुठून मिळणार? तोपर्यंत गाळ्याचा दहा वर्षांचा भाडेकरार आणि बँकेचे हप्ते चालूच.

त्यात जामिनाचा मुद्दा आहे. अमेरिकेत छोट्या धंद्याची बरीच कर्जं एसबीए या सरकारी संस्थेच्या हमीवर मिळतात. तिथे धंद्यात वीस टक्के किंवा अधिक वाटा असलेल्या प्रत्येकाला वैयक्तिक हमी द्यावी लागते. म्हणजे कंपनी स्थापन करून तिच्या नावावर दुकान घेतलं, तरी बुडीत गेल्यावर बँक कंपनीशी थांबत नाही, घरापर्यंत येते.

चिपोटलेने अमेरिकेत फ्रँचायझीचा रस्ताच नाकारला. जवळजवळ सगळी दुकानं कंपनीची स्वतःची. त्यामुळे वाढ सावकाश झाली, पैसे जास्त अडकले, पण चिरण्यापासून भाड्यापर्यंतचा प्रत्येक खर्च ज्याच्या खिशातून जात होता, निर्णयही त्याचाच होता. खूप नंतर, २०२३ मध्ये, आखाती देशांसाठी कुवेतच्या अलशाया समूहाशी करार करून त्यांनी पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाती मोठा प्रदेश दिला. समोरची बाजू हजारो दुकानं चालवणारा उद्योगसमूह आहे. वकील, हिशोबनीस, वाटाघाटीची ताकद सगळं त्यांच्याकडे आहे. एका दुकानासाठी आयुष्याची पुंजी घालणाऱ्या कुटुंबाची गोष्ट वेगळी.

तीनशे पानांचा दस्तऐवज

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहणाऱ्या माझ्या एका मित्राने मागच्या हिवाळ्यात मला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर ताटं उचलली आणि टेबलावर एक जाडजूड छापील गठ्ठा ठेवला. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर नोकरीचा भरवसा वाटेनासा झालेला, म्हणून एका खाद्यसाखळीची फ्रँचायझी घ्यायचा विचार. साखळीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. निवृत्तीसाठी साठवलेले पैसे त्यात घालता येतील, असं त्याला दलालाने सांगितलं होतं. अमेरिकेत तशी सोय खरंच आहे, आणि धंदा बुडाला तर म्हातारपणाची पुंजीही त्याच्याबरोबर जाते, हेही तितकंच खरं आहे.

तो गठ्ठा म्हणजे फ्रँचायझी डिस्क्लोजर डॉक्युमेंट. १९७० साली कॅलिफोर्नियाने देशात पहिल्यांदा कायदा केला की फ्रँचायझी विकणाऱ्याने आधी सगळी माहिती लेखी द्यावी. मग फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचा देशभराचा नियम १९७९ पासून लागू झाला आणि २००७ मध्ये सुधारला गेला. नियमानुसार दस्तऐवजात २३ प्रकरणं असतात आणि सही करण्याच्या किंवा पैसे देण्याच्या किमान १४ दिवस आधी तो हातात पडायला हवा. एक मात्र लक्षात ठेवायला हवं: कमिशन हा दस्तऐवज तपासून खराखोटा ठरवत नाही. माहिती द्या एवढंच ते सांगतं. वाचायची जबाबदारी घेणाऱ्याची.

मित्र पहिल्या पानापासून वाचत होता आणि कंपनीच्या इतिहासातच अडकला होता. मी म्हटलं, “अरे, विसावं प्रकरण काढ आधी.”

विसाव्या प्रकरणात तीन वर्षांचे तक्ते असतात. किती दुकानं उघडली, किती बंद झाली, किती कंपनीने परत घेतली, किती हस्तांतरित झाली. एकूण संख्या तीच दिसत असेल आणि हस्तांतराचा रकाना भरलेला असेल, तर लोक दुकानं एकमेकांच्या गळ्यात घालून बाहेर पडत आहेत असं समजावं. त्याच प्रकरणात करार झाले पण दुकान उघडलं नाही, असाही आकडा असतो. तो मोठा असेल तर कंपनी दुकानं चालवण्यापेक्षा करार विकण्यात गुंतली आहे का, हे विचारावं.

मग एकोणिसावं. यात दुकानांचा गल्ला किंवा नफा कंपनी सांगू शकते, पण सांगायलाच हवं असं नाही. मित्राच्या दस्तऐवजात फक्त गल्ल्याची सरासरी होती, तीही वरच्या अर्ध्या दुकानांची. खर्चाचा आकडा एकही नाही. वहिनी इतका वेळ शांत बसून ऐकत होत्या. त्यांनी वहीत मित्राने केलेली बेरीज पाहिली आणि विचारलं, “भाऊजी, ह्यात आमच्या दोघांचा पगार कुठे धरलाय?”

कुठेच धरलेला नव्हता. मित्राने पेन खाली ठेवलं.

त्यानंतर आम्ही सातवं काढलं, सुरुवातीच्या खर्चाचं. त्यात कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे असतात. आपला हिशोब जास्तीच्या आकड्यावर करावा आणि गल्ला जमेपर्यंत भाडं-पगार भागवायला वर्षभराची रक्कम वेगळी धरावी. तिसऱ्या प्रकरणात कोर्टातले खटले. आठव्यात माल कोणाकडून घ्यायचा आणि त्या पुरवठादाराकडून कंपनीला काही मिळतं का. बाराव्यात हद्द, तिथे ‘तुम्हाला स्वतंत्र हद्द मिळणार नाही’ असं सरळ छापलेलं होतं. सतराव्यात करार संपवणं, विकणं, आणि भांडण झालं तर कुठल्या गावी जाऊन लढायचं. मित्र कॅलिफोर्नियात, कंपनी दुसऱ्या टोकाच्या राज्यात, आणि करारात लवादाची जागा कंपनीच्या गावची. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत फ्रँचायझीवाल्याला कायद्याचं जास्त संरक्षण आहे: तिथे ठोस कारण असल्याशिवाय करार मोडता येत नाही आणि २०१६ पासूनच्या करारांत चूक दुरुस्त करायला किमान साठ दिवसांची मुदत द्यावी लागते. सगळीकडे तसं नाही.

आपल्याकडे, भारतात, असा दस्तऐवज द्यायला लावणारा स्वतंत्र कायदाच नाही. फ्रँचायझीचा करार १८७२ च्या करार कायद्याखाली येतो, नाव-चिन्हाचा भाग ट्रेडमार्क कायद्याखाली. बाकी दोन पक्षांनी जे लिहून घेतलं ते. चहाच्या, पिझ्झाच्या, वडापावच्या साखळ्यांच्या जाहिराती पुण्या-नाशकात रोज फोनवर येतात आणि महिन्याचा नफा छातीठोकपणे सांगतात. तिथे विसाव्या प्रकरणाची माहिती कोणी आपण होऊन देणार नाही. ती मागावी लागते. गेल्या तीन वर्षांत किती दुकानं बंद झाली, त्यांच्या मालकांचे फोन नंबर द्या, पुरवठादाराकडून तुम्हाला कमिशन आहे का, जवळ दुसरं दुकान देणार नाही हे लिहून देता का. उत्तर लेखी मिळालं नाही तर टोकनची रक्कमही देऊ नये, असं मी माझ्या धाकट्या भावालाही सांगेन.

फ्रीमाँटच्या त्या रात्री शेवटी आम्ही गठ्ठ्याच्या मागची यादी काढली. गेल्या वर्षभरात साखळी सोडून गेलेल्यांची नावं आणि नंबर तिथे द्यावे लागतात. काही वेळा कंपनी जाणाऱ्यांकडून गप्प राहण्याचं कलम सही करून घेते. अशी कलमं वापरून लोकांना सरकारकडे तक्रार करण्यापासून अडवता येणार नाही, असं फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये जाहीर केलं. तरी अनेक जण बोलायला कचरतात.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मित्राने सकाळी फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या दोघांनी उचलला नाही. तिसऱ्याने उचलला आणि पाऊण तास बोलत राहिला. दुकान आठ महिन्यांपूर्वी बंद झालं होतं, भाडेकराराची सहा वर्षं बाकी होती, आणि गाळ्याचा मालक नवा भाडेकरू आणायला तयार नव्हता. “रॉयल्टी द्यायला मी कधी उशीर केला नाही,” असं तो दोनदा म्हणाला. मित्राने वहीत ते लिहून घेतलं, खाली तारीख घातली आणि चौथा नंबर फिरवला.